गरिबांच्या दारी जाणारा प्राध्यापक : धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम

८ सप्टेंबर रोजी आपण पवित्र मरियामातेचा जन्मोत्सव भक्तिभावाने साजरा करतो. याच दिवशी, १८५३ साली, फ्रान्समधील मार्सेय शहरी एका प्रापंचिक ख्रिस्तभक्ताने वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी देह ठेवला. गरजू कुटुंबांच्या घरी धान्य, औषधे व धीर पोहोचविणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे हे प्रमुख संस्थापक, फ्रेडरिक ओझानाम.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. बालपण मात्र फ्रान्समधील लिआँ शहरात गेले. वडील डॉक्टर होते व अनेक गरिबांवर विनामूल्य उपचार करीत. १८३१ साली फ्रेडरिक कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आले. ज्यांचे नाव विद्युतप्रवाहाच्या एककाला दिले गेले, त्या शास्त्रज्ञ अँपियर यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. पुढच्याच वर्षी शहरात पटकीची साथ पसरली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दारिद्र्याचे भीषण रूप या तरुणाने जवळून पाहिले.

त्या काळी विद्यापीठातील वातावरण श्रद्धेला अनुकूल नव्हते. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात फ्रेडरिक ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडत. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, परंतु आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असा प्रश्न विरोधकांनी केला. तो त्यांच्या जिव्हारी लागला. केवळ वादविवादाने त्याला उत्तर देता येणार नव्हते.

२३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, ते पाच विद्यार्थी मित्रांसह वृत्तपत्र-संपादक इमॅन्युएल बायी यांच्या कचेरीत जमले. मदत कशी करावी हे शिकण्यासाठी ते मुफ्तार वस्तीत सेवा करणाऱ्या धर्मभगिनी रोझली रांद्यू यांच्याकडे गेले. सिस्टरांनी त्यांना गरीब कुटुंबांची नावे व पाव मिळण्याच्या चिठ्ठ्या दिल्या. त्याहून मोलाची शिकवण म्हणजे, गरिबाला आपल्या दारी बोलावू नये, आपण त्याच्या घरी जावे, त्याचे ऐकून घ्यावे व त्याचा मान राखावा.

पुढे ओझानाम सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८४१ साली अमेली सुलाक्रुआ यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना मारी नावाची कन्या झाली. त्यांचे चरित्रकार एक प्रसंग सांगतात. नववर्षाच्या दिवशी त्यांना समजले की, एका गरीब कुटुंबाने आपले जुने कपाट गहाण टाकले आहे. ते सोडवून आणण्याचा विचार त्यांनी प्रथम बाजूला ठेवला. परंतु सायंकाळी मुलीभोवती पडलेली खेळणी पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. ते तडक उठले आणि कपाट सोडवून त्या घरी पोहोचते केले.

भुकेल्याला भाकर दिलीच पाहिजे, परंतु कष्टकऱ्याला न्याय्य मजुरी मिळाली नाही तर भूक हटणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. १८४८ साली पॅरिसमध्ये कामगारांचा उठाव झाला, तेव्हा रक्तपात थांबावा म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्चबिशप आफ्र यांना मध्यस्थीची विनंती केली. आर्चबिशप निःशस्त्र तेथे गेले आणि गोळी लागून त्यांचे निधन झाले. तरीही ओझानाम यांनी गरिबांची बाजू सोडली नाही. आजारपणाने खंगत असतानाही त्यांचे हे कार्य सुरूच होते.

सात जणांनी लावलेले हे रोपटे १८४५ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे पोहोचले व कालांतराने जगभर फोफावले. तेथील अनेक शाखा आज गरजू कुटुंबांसाठी अन्नकोठारे चालवितात. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. सिस्टर रोझली यांनाही २००३ साली तो सन्मान लाभला.

आपल्या धर्मग्रामात चूल न पेटलेले घर कोणते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? दानपेटीत पैसे टाकणे सोपे असते, त्या घराचा उंबरठा ओलांडणे अवघड असते. धन्यवादित फ्रेडरिक यांच्या मध्यस्थीने प्रभू आपणांस ते धैर्य देवो.