हाफकिन : बातमीने गुन्हेगार ठरवलेला माणूस

परळच्या हाफकिन संस्थेवरून आपली कितीतरी माणसे कामधंद्याला ये-जा करतात. हा हाफकिन कोण, असे विचारले तर सर्पदंशाचे औषध बनवणारी जागा, एवढेच उत्तर मिळते. एका बातमीने या माणसाच्या आयुष्याची पाच वर्षे खाल्ली, हे तर शाळेत कोणी शिकवतच नाही!

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. झारच्या रशियात ज्यूंचे जिणे कसे होते, हे बहिष्कृतांच्या लेकरांना वेगळे सांगायला नको. धर्म बदला, मग प्राध्यापकी घ्या, अशी अट त्यांना घालण्यात आली. त्यांनी ती धुडकावली आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील दुय्यम नोकरी पत्करली. तेथेच कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले व कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांतून लस देत फिरले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत हाफकिन कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही आधी स्वतःच्याच अंगात टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला. हे कैदी स्वखुशीने पुढे आले असे नोंदीत आहे. तुरुंगातल्या स्वखुशीविषयी आम्हा वकिलांना शंका असते, ती असो. त्याच प्लेगने ९ फेब्रुवारीला नारायण मेघाजी लोखंडे आणि १० मार्चला सावित्रीमाई फुले आपल्यातून नेल्या. लस नुकती कुठे जन्मली होती.

आता मूळ प्रकरण. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या ८८ जणांना त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून लस मिळाली, त्यांना धनुर्वात झाला नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा विचारील, की ती बाटली उघडताना काय घडले? घडले ते असे. मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटलीला वास नव्हता. जंतू परळहूनच बंद बाटलीत आले असते तर तिला दुर्गंधी सुटली असती.

तरी चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन पदावरून गेले. लोकांपर्यंत पोहोचले ते एवढेच, की सुईने १९ माणसे मारली. ८८ जगले ही बातमी होत नाही! सुईबद्दल आधीच अफवा होत्या, त्यांना आता सरकारी शिक्का मिळाला. चिमट्याची गोष्ट कागदपत्रांत दडून राहिली. १९०७ या एका वर्षात प्लेगने देशात १३ लाखांच्या आसपास माणसे नेली. त्यातली किती सुईच्या भीतीने गेली, याचा हिशोब कोणी ठेवला?

हे जुने झाले म्हणावे, तर २०२० चा कोरोना आठवा. वाहिन्यांनी तबलिगींना रोग पसरवणारे ठरवून टाकले. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांच्या अपप्रचारावर कडक ताशेरे ओढले. आरोप दिवसरात्र दाखवणाऱ्यांनी तो निकाल किती मिनिटे दाखवला?

हाफकिन यांना सोडवले तेही वृत्तपत्रानेच, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा अन्याय चव्हाट्यावर आणला. जुलैत दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र त्याच पत्रात आले. मुल्कोवालच्या झोपडीत मेलेल्यांचे नातेवाईक टाइम्स वाचत नव्हते, वाचणारे सत्ताधारी होते. नोव्हेंबरात ठपका गेला.

परंतु परळ परत मिळाले नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवले, नव्या लशींच्या चाचण्या करण्यास मनाई ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.