वर्धेहून मेक्सिकोला आणि परत : डॉ. पांडुरंग खानखोजे

गणेशोत्सव असो की हळदीकुंकू, अलीकडे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक विषय हमखास निघतो. कुणाचा मुलगा अमेरिकेत ग्रीन कार्डाची वाट पाहतो आहे, कुणाची सून बाळंतपणासाठी तिकडेच थांबली आहे, कुणाच्या जावयाला परदेशी नागरिकत्व घ्यावे की नाही हे ठरत नाही. म्हणून या वेळी आम्ही अशा एका माणसाची ओळख करून देतो आहोत, ज्याला हे सगळे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडले होते. शिवाय तो आपल्या शेजारचा. आदिलाबादहून नागपूरच्या रस्त्याने निघालो की पैनगंगेपलीकडे आपलाच कापसाचा मुलूख लागतो. त्याच मुलखातले हे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्ध्याला झाला. शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे झाले. शाळकरी वयातच क्रांतिकार्याची ओढ लागली आणि विशी ओलांडताच ते देशाबाहेर पडले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. आजच्या मुलांना नवल वाटेल, पण त्या काळी परदेशी जायला पासपोर्ट सक्तीचा नव्हता. ती सक्ती पहिल्या महायुद्धात सुरू झाली आणि १९२० च्या कायद्याने पक्की झाली. जाणे सोपे होते; तिथे राहणे मात्र कठीण. १९०७ साली बेलिंगहॅम गावात लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय मजुरांना जमावाने हाकलून लावले होते. खानखोजे अशाच मजुरांमध्ये वावरले. त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले आणि शेतीशास्त्राचाही अभ्यास केला. ऑरेगनमध्ये पंडित काशीराम यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संघटना बांधली. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला तेव्हा त्याच्या लढाऊ विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

१९१५ चा उठाव फसला. काशीराम फासावर गेले. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोरला फासावर गेले. खानखोजे तेव्हा तुर्कस्तान-इराणच्या बाजूला होते. तिथे ते इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. भारतात परतण्याचा रस्ता मात्र बंद झाला होता. इंग्रज सरकारच्या दृष्टीने ते शत्रू होते, आणि ज्याला स्वतःचे सरकारच ओळख देत नाही, त्याला दुसरा देश कशाच्या आधारावर घेणार? पुढची काही वर्षे बर्लिन, मॉस्को अशी भटकंतीत गेली.

पुन्हा अमेरिकेत जाऊन स्थिरावे, तर तेही दार लागलेले. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणाऱ्या मजुरांना तिथे बंदी झाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला, आणि आधी मिळालेली नागरिकत्वेही काढून घेतली जाऊ लागली. ही अट १९४६ साली उठली, तीही वर्षाला शंभर भारतीयांच्या कोट्यासह.

मेक्सिकोने मात्र दार उघडले. क्रांतीनंतर तिथे जमीन शेतकऱ्यांना वाटली जात होती आणि शेती शिकवणारी माणसे हवी होती. १९२४ मध्ये खानखोजे तिथे गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्या यजमानाच्या जागी रंगवले. आपल्या वऱ्हाडी मातीतल्या माणसाला परक्या देशाने दिलेला हा मान आहे. १९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या; थोरलीचे नाव सावित्री. पुढे ते मेक्सिकोचे नागरिकही झाले.

यातला पेच नीट समजून घ्यावा. ज्या देशासाठी घर सोडले, तो देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण खानखोजे कागदोपत्री परदेशी होते. मायदेशी यायला त्यांना व्हिसा लागत होता, आणि इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव लगेच पुसले गेले नव्हते. अखेर मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावले, तेव्हा १९४९ मध्ये ते भारतात आले. पुढे १९५५ च्या सुमारास ते नागपूरला स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तिथेच वारले.

आता आपल्या घरातल्या प्रश्नांकडे येऊ. कायमचा रहिवास आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन कार्ड मिळाले तरी आपला मुलगा भारताचाच नागरिक राहतो. पण त्याने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले, की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मग ओसीआय कार्ड काढता येते. त्यावर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेती मात्र राहते. ज्यांच्या घरी चार एकर कापूस आहे, त्यांनी सही करण्याआधी हे मुलांशी बोलून घ्यावे. प्रत्येक देशाचे नियम बदलत असतात, म्हणून ताजी माहिती जाणकार वकिलाकडूनच घ्यावी.

रहिवासाचे कागद आपल्याला नवे नाहीत. निजामाच्या राज्यात मुल्की ठरण्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आणि किनवट आपल्या जिल्ह्यातून गेले, आणि एकाच गोतावळ्यातली घरे दोन राज्यांत विभागली. आजही नोकरीसाठी लोकल ठरायचे, तर शाळेची बोनाफाईड सर्टिफिकिटे जपून ठेवावी लागतात.

खानखोजे यांना कोणत्याच देशाने सुखासुखी कागद दिला नाही. तरी जिथे राहिले, तिथल्या शेतकऱ्याचे भले करून गेले, आणि म्हातारपणी का होईना, घरी आले. परदेशी असलेल्या आपल्या लेकरांना त्यांची ही गोष्ट जरूर सांगावी, आणि परतीची वाट खुली ठेवणारे कागद कोणते, तेही सोबत सांगावे.