सेवाग्रामचे परचुरे शास्त्री

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातली नरहरी ब्राह्मणाची कथा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. अंगावर कुष्ठ उठलेले, लोकांनी दूर लोटलेले. श्रीगुरूंनी त्याच्या हाती औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगितले. लोक हसले, त्याने पाणी घालणे सोडले नाही. पुढे त्या लाकडाला पालवी फुटली आणि त्याची कायाही शुद्ध झाली. सप्ताहात हा अध्याय आला की मला आपल्या वर्धा जिल्ह्यातला एक माणूस आठवतो. त्याचे शरीर काही बरे झाले नाही, पण पालवी मात्र फुटली. ते म्हणजे परचुरे शास्त्री.

शास्त्रीबुवा संस्कृतचे गाढे पंडित. वेदपाठ, काव्य, शास्त्र सगळे मुखोद्गत. विद्वत्तेच्या जोडीला देशभक्तीही होती, म्हणून स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले. १९३२ साली महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते, त्याच वेळी शास्त्रीबुवाही तिथेच होते. पण तोवर त्यांना महारोग जडलेला, त्यामुळे त्यांना निराळे ठेवले होते. गांधीजींनी त्यांना भेटायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. एकाच तुरुंगाच्या भिंतींआड राहून दोघांची ओळख राहिली ती पत्रांतून.

आजच्या पिढीला त्या काळच्या महारोगाची कल्पना यायची नाही. खात्रीचे औषध नव्हते. चौलमुग्र्याचे कडू तेल टोचायचे, अंगाला चोळायचे, एवढाच काय तो उपाय. आम्हा म्हाताऱ्यांना आठवते, दारी रोगी आला की भाकरी वरूनच टाकायची, पाणी वरूनच ओतायचे. घरचा माणूस असला तरी तीच गत! रोगापेक्षा हे तुटणेच माणसाला आधी मारायचे.

अशा अवस्थेत १९३९ साली शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. जखमा चिघळलेल्या, अंगावरचे कपडे फाटके. आता कुठे जायचे उरले नाही, आश्रमाच्या आसऱ्याला देह ठेवावा, एवढीच इच्छा होती. गांधीजींपुढे प्रश्न सोपा नव्हता. आश्रमात बायका होत्या, लेकरे होती. सारा आश्रम एका पंगतीला जेवणारा. त्यांनी आश्रमवासीयांपुढे गोष्ट मांडली, त्यांची संमती घेतली आणि शास्त्रीबुवांना ठेवून घेतले. बापूकुटीपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्यासाठी झोपडी उभी राहिली. आजही सेवाग्रामला ती परचुरे कुटी म्हणून दाखवतात.

मग रोजचा नेम सुरू झाला. गांधीजी स्वतः येऊन जखमा पाहायचे, धुवायचे, अंगाला तेल चोळायचे. युद्धाचे दिवस, देशाचे पुढारी सेवाग्रामला खेपा घालताहेत, पण ही सेवा चुकायची नाही. तेल चोळतानाचे त्यांचे छायाचित्र पुढे देशोदेशी गेले.

आपण बहुतेक त्या चित्रात सेवा करणारे हात बघतो. मला सेवा घेणारा माणूस अधिक मोठा वाटतो. सेवा घेणे सोपे नसते हो! अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचारा. मी सर्वांवर भार झालो, ही टोचणी रोगाहून वाईट. शास्त्रीबुवांनी त्या टोचणीला जागाच दिली नाही. अंगाला तेल लागत असता संस्कृत श्लोकांची उजळणी चाले. थोडे बरे वाटू लागताच ते आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवू लागले. आश्रमातल्या लग्नकार्यात मंत्र सांगायचा मानही त्यांना मिळाला. ज्याच्या सावलीला लोक भ्यायचे, त्याच्याच मुखाने नवरा-नवरीला आशीर्वाद! मरायला आलेला माणूस पुन्हा गुरुजी झाला. वाळक्या लाकडाला पालवी म्हणतात ती हीच.

पुढे रोगाने पुन्हा उचल खाल्ली. शेवटचे दिवस शास्त्रीबुवांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला काढले. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले होते. तिथेच १९४५ साली शास्त्रीबुवांनी देह ठेवला. ज्या गावाच्या नावातच दत्त आहे तिथे त्यांना विसावा मिळाला, ही मी महाराजांचीच योजना समजतो.

त्यांच्या मागे काम मात्र वाढत गेले. कुष्ठसेवेला गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमात स्थान मिळाले. याच जिल्ह्यात, हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभे केले. गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानचे काम वर्ध्याहून चालले. आज गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो आणि वेळेवर औषध घेतले तर बोटे वाकडी होत नाहीत. तरीही अंगावर बधिर चट्टा दिसला की माणसे अजून लपवतात. असे कुणी करत असेल तर त्याला समजावून दवाखान्यात न्यावे, हाही धर्मच आहे.

दत्तभक्तहो, आपले महाराज कोणत्या वेशात दारी येतील, सांगता येत नाही. यंदा जयंतीला पाळणा हलवून प्रसाद घेतला की घरात जो कुणी अंथरुणावर असेल त्याच्याजवळ घटकाभर बसा. त्याला औषध विचाराच, पण त्याला येणारे एखादे स्तोत्र, एखादी जुनी गोष्ट नातवंडांना शिकवायलाही सांगा. आणि आपणच अंथरुणावर असू, तर जे येते ते देत राहावे. पाणी घालायचे काम आपले. पालवी फोडणारा तो समर्थ आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥