कर्मवीर भाऊराव पाटील : वात्सल्याच्या छायेतील स्वावलंबन

जैन धर्माने श्रावकासाठी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न, रुग्णाला औषध आणि जिज्ञासूला ज्ञान द्यावे, हे सहज उमगते. अभयदान म्हटले की आपल्या मनात प्रामुख्याने जीवरक्षणाचा विचार येतो. परंतु गरिबीमुळे, जातीमुळे किंवा अपयशामुळे मान खाली घालून वावरणाऱ्या मुलाच्या मनातील भय काढून टाकणे, हेही अभयदानच होय. ही चारही दाने एका छपराखाली आणून हजारो मुलांना ताठ मानेने उभे करणारे महापुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनचरित्राचे स्मरण सर्वांना, विशेषतः तरुण पिढीला, निश्चितच बळ देणारे ठरेल.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या सान्निध्यातील हे गाव समाजबांधवांना चांगलेच परिचित आहे. त्यांचे पूर्वज कर्नाटकातील मूडबिद्री या प्रसिद्ध जैन तीर्थक्षेत्राच्या परिसरातून आले आणि पुढे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण निरनिराळ्या गावी गेले आणि खेड्यापाड्यांतील दैन्य लहान वयातच भाऊरावांच्या दृष्टीस पडले.

घरचे संस्कार अहिंसेचे आणि जीवदयेचे होते. मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या घरातील हा मुलगा गावाच्या विहिरीवर वेगळेच दृश्य पाहत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रिया रिकामी भांडी घेऊन दूर ताटकळत उभ्या राहत. कोणी वरून पाणी घातले तरच त्यांना ते मिळे. एके दिवशी संतापलेल्या बाल भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून विहिरीत टाकून दिला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. ज्या पाण्यावर सर्वांचा हक्क नाही, ते पाणी कोणालाच सुखाने मिळू नये, ही त्यामागची बालसुलभ भावना होती. वय वाढले तसा संताप निवळला, पण त्यामागील करुणा कायम राहिली.

कोल्हापूरचे दिवस

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्याच सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची अट त्यांच्यापुढे घालण्यात आली. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी अट नाकारली आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या वसतिगृहाचे दार आपल्यासाठी बंद व्हावे, हे दुःख लहान नव्हते. पण त्या वेळी शाहू महाराजांनी या विद्यार्थ्याला जवळ केले आणि राजवाड्यात आसरा दिला. संकटात सापडलेल्या मुलाला एका वडीलधाऱ्या माणसाचा आधार मिळाला की त्याचे आयुष्य कसे सावरते, याचा अनुभव भाऊरावांनी असा स्वतःच घेतला.

अभ्यासात मात्र त्यांना यश लाभले नाही. गणित हा विषय तर त्यांना फारच जड जाई. त्यांना वरच्या वर्गात घालावे, अशी शिफारस शिक्षकांकडे झाली, तेव्हा भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक वरच्या वर्गात नेता येईल, पण भाऊरावांना नेता येणार नाही, अशा अर्थाचे उत्तर शिक्षकांनी दिल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. इंग्रजी सहावीपर्यंत त्यांचे शिक्षण झाले. मॅट्रिकची पायरी त्यांना कधीच चढता आली नाही.

कसोटीचा प्रसंग

शिक्षण सोडल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. मुले त्यांना पाटील मास्तर म्हणू लागली. १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम उभारण्याच्या कामात भाग घेतला. विविध जातींची मुले एकत्र ठेवण्याचा तो त्यांचा पहिला प्रयोग होता.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. या प्रकरणात जैन समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. भाऊरावांनी ठाम नकार दिला. परिणामी त्यांनाच तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला. तो असह्य होऊन त्यांनी प्राण संपवण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले आणि पुढे त्यांची सुटका झाली. एवढ्या धैर्यवान पुरुषाच्या आयुष्यातही काळोखाचा असा क्षण आला होता, हे आजच्या निराश तरुणांनी अवश्य लक्षात ठेवावे. तो क्षण सरला म्हणूनच पुढचे महान कार्य घडू शकले. सत्यव्रत म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्यानंतर त्यांनी ओगले यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले. काही काळ ते कूपर यांच्या कारखान्याशीही संबंधित होते. या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली. नांगर सुधारला तरी शेतकऱ्याचे मूल शाळेबाहेरच राहिले, तर घरातील दारिद्र्य हटणार नाही.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा भाऊरावांवर खोल प्रभाव होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. ज्या राजाने आपल्याला निवारा दिला, त्याचेच नाव भाऊरावांनी इतरांच्या निवाऱ्याला दिले.

मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सर्व मुले तेथे एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. बंधुभावावर मोठमोठी व्याख्याने देण्याची गरज पडत नसे. एकाने थापलेली भाकरी दुसऱ्याने खाल्ली की भेद आपोआप गळून पडे. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. गावोगाव हिंडून त्यांनी होतकरू मुले शोधून आणली आणि त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी पोटच्या मुलांप्रमाणे वाहिली.

रयतमाउली लक्ष्मीबाई

भाऊरावांच्या कार्याची थोरवी गाताना त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाताच येणार नाही. लक्ष्मीबाई सनातनी वळणाच्या जैन घरात वाढल्या होत्या. सोवळे-ओवळे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. अशा स्त्रीच्या चुलीजवळ सर्व जातींची मुले येऊन बसू लागली, तेव्हा तिच्या मनात केवढी उलघाल झाली असेल, याची कल्पना करावी. जन्मभराचे संस्कार एका दिवसात सुटत नाहीत. परंतु समोर बसलेल्या लेकराची भूक त्यांना सोवळ्याहून मोठी वाटली. हळूहळू त्या सर्व मुलांच्या माउली झाल्या. त्यांचे दुखलेखुपले पाहणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, सणावाराला गोडाधोडाचा घास भरवणे, हे सारे त्यांनी अबोलपणे केले. अन्न आणि औषध ही दोन दाने या घरात त्यांच्याच हातून घडत होती.

संस्थेजवळ पैसा नसे. धान्य संपले की लक्ष्मीबाईंच्या अंगावरील एकेक दागिना सोनाराकडे जाई. एकदा भाऊराव परगावी असताना वसतिगृहात धान्याचा कणही उरला नाही आणि घरात विकण्यासारखे काही शिल्लक नव्हते. तेव्हा या माउलीने आपल्या गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. त्या काळातील सुवासिनीच्या दृष्टीने मंगळसूत्राचे मोल सोन्यात करता येत नसे. अपरिग्रहाचा उपदेश आपण मंदिरात नित्य ऐकतो. लक्ष्मीबाईंनी तो आचरून दाखवला.

१९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्या वृक्षाला त्यांनी आपले सर्वस्व घातले, त्याचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आज सोलापूर येथील महिला महाविद्यालय त्यांच्या नावाने ज्ञानदान करीत आहे.

कष्टातून आत्मविश्वास

भाऊरावांचे वात्सल्य आंधळे नव्हते. फुकट मिळालेले अन्न माणसाला मिंधे करते, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळ आणि फावडेही दिले. मुले शेती करीत, दगड फोडीत, झाडलोट करीत, आपले कपडे आपण धूत. पुढे कमवा आणि शिका या नावाने ही योजना सर्वत्र प्रसिद्ध झाली. स्वतःच्या घामातून आपले शिक्षण पार पाडणाऱ्या मुलाला कोणाच्या उपकाराचे ओझे वाटत नसे. आपण हे करू शकतो, हा विश्वास त्याला स्वतःच्याच हातांनी मिळवून दिलेला असे.

१९३५ मध्ये संस्थेचे अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावे मोफत माध्यमिक शाळा, १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज असा विस्तार होत गेला. मार्ग निष्कंटक मात्र नव्हता. १९४८ च्या सुमारास सरकारी अनुदान थांबले आणि संस्था चालणार कशी, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा खेड्यापाड्यांतील सामान्य जनतेने धान्य आणि पैसा देऊन संस्था जगवली. पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले.

शाहू बोर्डिंगमधील एक गरीब विद्यार्थी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. अशी कितीतरी मुले शिक्षक, अधिकारी आणि समाजसेवक होऊन आपापल्या गावांचा आधार बनली.

कृतार्थ अखेर

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताबाने गौरविले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट्. पदवी प्रदान केली. शाळेने ज्याला वरच्या वर्गात घेण्याचे नाकारले, त्याच्यापुढे विद्यापीठ नम्र झाले. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेल्या या संस्थेने २०१९ साली शताब्दी पूर्ण केली. आज तिच्या शाखांची संख्या ७०० हून अधिक आहे.

आज समाजातील मुलांना सुखसोयींची वाण नाही. तरीही परीक्षेतील गुण थोडे कमी पडले की मुले खचून जातात आणि पालकही हवालदिल होतात. अशा वेळी भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांचे जीवन डोळ्यांसमोर आणावे. गुणपत्रिकेवरून मुलाची किंमत ठरवू नये. त्याला प्रेमाने जवळ बसवावे, त्याच्या हाताला काम द्यावे आणि त्याच्यावर विश्वास टाकावा. शेजारच्या गरजू मुलाचे शुल्क भरणे, आपली पुस्तके दुसऱ्याला देणे, वसतिगृहातील मुलाला सणाला घरी जेवायला बोलावणे, ही कामे लहान दिसतात, पण त्यांतूनच एखादे आयुष्य उभे राहते. ज्या मुलाला कोणी दार लावून घेतले असेल, त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवणे, हीच या दांपत्याला खरी आदरांजली ठरेल.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि रयतमाउली लक्ष्मीबाई यांच्या पावन स्मृतीस कोटी कोटी प्रणाम!