पाथरीचा तिमाभट

पाथरी म्हटलं की साईबाबा, एवढंच आपल्या हॉस्टेलवर ठाऊक असतं. मी त्याच भागातला, म्हणून तिथली दुसरी एक गोष्ट सांगतो.

फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्यातली माणसं विजयनगरकडे जाऊन राहिली होती. त्या घरातला भैरवाचा मुलगा तिमाभट बहमनी फौजेच्या हाती लागला. तो मुसलमान झाला, मलिक हसन हे नाव मिळालं. पोरगा हुशार, म्हणून सुलतानाने त्याला राजपुत्राच्या सोबतीला ठेवलं. फारसी-अरबी शिकला. राजपुत्राला भैरव म्हणता येईना, त्याचं झालं बहरी!

पुढे तो तेलंगणचा सुभेदार झाला. पण वजीर महमूद गवान याने चार सुभ्यांचे आठ केले. हसनचा मुलूख निम्मा झाला, आणि इथेच वैर पेटलं. गवानच्या शिक्केदाराला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला गेला. (कोऱ्या कागदावर सही देणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा!) त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र तयार झालं. शिक्का खरा, मजकूर खोटा. १४८१ मध्ये कोंडपल्लीला, सत्तरी ओलांडलेल्या गवानचं डोकं उडवलं. बिदरला त्याने बांधलेला मदरसा आजही उभा आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी तो पाहावा.

वर्षभरात सुलतान वारला. गादीवर बारा वर्षांचा महमूद, आणि सगळा कारभार मलिक नायब हसनच्या हातात. पाथरीच्या कुलकर्ण्यांचा वंशज बहमनी राज्य चालवत होता, पण चारच वर्षं. दख्खनी आणि परदेशी सरदारांची भांडणं काही त्याला मिटवता आली नाहीत. मला वाटतं, त्याला ती मिटवायचीही नव्हती; तो स्वतःच एका गटाचा होता. सुलतान मोठा होऊन उलटला, तेव्हा हसन बिदरला पळाला. तिथला किल्लेदार पसंदखान हा त्याच्याच भरवशाचा. त्यानेच १४८६ मध्ये हसनला मारलं.

मुलगा अहमद जुन्नरला होता. तो १४९० मध्ये स्वतंत्र झाला, मग अहमदनगर वसवलं. तीच निजामशाही. नातू बुऱ्हाणने पूर्वजांचं गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार आला, तेव्हा १५१८ मध्ये लढून घेतली.