निवडक सतरा गाणी आणि पाचगणीचा फरोख

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे एखाद्या कवीच्या चार-पाच संग्रहांतून उत्तम कविता वेचून ‘निवडक’ पुस्तक काढतात. पाश्चात्त्य संगीतातही तशीच प्रथा आहे. वाद्यवृंदाची गाजलेली गाणी एका तबकडीवर आणतात आणि तिला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ असे नाव देतात. इंग्लंडमधील ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाची अशी तबकडी १९८१ साली निघाली. तिच्या ब्रिटिश आवृत्तीत सतरा गाणी होती. जुलै २०२२ पर्यंत एकट्या ब्रिटनमध्ये तिच्या ७० लाख प्रती झाल्या. तेथे हा आकडा गाठणारा तो पहिलाच अल्बम होय.

या सतरांपैकी दहा गाणी ज्याने रचली आणि ज्याचा आवाज या तबकडीचा प्राण आहे, त्याला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. त्याचे शालेय जीवन आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला गेले, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

त्याचे मूळ नाव फरोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी हे तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. आडनाव आले गुजरातेतील बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून. आठ वर्षांच्या फरोखला आईवडिलांनी बोटीने हिंदुस्थानात पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. आईपासून समुद्रापलीकडे राहणाऱ्या या मुलाला सुटीत मुंबईला आजी आणि मावशी-आत्यांच्या मायेचाच काय तो आधार होता.

जबड्यात चार दात जास्त असल्यामुळे त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते. शाळेत मुले त्यावरून चिडवत. पुढे पैसा आला तरी त्याने ते दात काढले नाहीत. काढले तर आवाज बदलेल, अशी त्याला भीती वाटे. पाचगणीला तो पियानो शिकला, मुष्टियुद्ध आणि टेबल टेनिस खेळला. बाराव्या वर्षाच्या सुमारास चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी वाद्यवृंद काढला. त्यात तो पियानो वाजवी. फरोखचा ‘फ्रेडी’ झाला तोही याच शाळेत.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे रक्तरंजित क्रांती झाली. बलसारा कुटुंब चालते घर सोडून इंग्लंडला गेले आणि लंडनजवळ फेल्टम येथे राहू लागले. नवी मुंबई उभी राहताना आमच्या शिरवण्याची भातशेती गेली. आमचे गाव निदान जागेवर राहिले. त्यांचे तेही राहिले नाही. सतरा वर्षांच्या मुलाने परक्या देशात नव्याने आरंभ करायचा, म्हणजे काय, हे आमच्या गावात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

इंग्लंडमध्ये त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ साली ग्राफिक कलेची पदविका घेतली. पदविका हाती आली तरी पोटाचा प्रश्न होताच. विमानतळावर सामान उचलण्याचे काम त्याने केले. केन्सिंग्टनच्या बाजारात मित्र रॉजर टेलर याच्यासह जुने कपडे विकले. कला शाखेत शिकून पुढे काय करणार, हा प्रश्न ज्यांना घरी रोज ऐकावा लागतो, त्यांनी हा तपशील अवश्य लक्षात ठेवावा.

१९७० साली ब्रायन मे आणि टेलर यांच्याबरोबर त्याने नवा वाद्यवृंद उभा केला. ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. वाद्यवृंदाचे बोधचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले. चौघांच्या राशींप्रमाणे त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या आहेत. ईलिंगचे शिक्षण असे कामी आले. याच सुमारास त्याने बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव घेतले.

१९७३ साली निघालेले त्यांचे पहिले गाणे मुळीच चालले नाही. ब्रिटिश ‘निवडक’मध्ये त्याला जागाही मिळाली नाही. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले. हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे, त्यात मध्येच ऑपेराचा भाग. तिघांनीच आपले आवाज फितीवर पुनःपुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले आणि मोठ्या गायकवृंदाचा भास निर्माण केला. एवढे लांब गाणे आकाशवाणी वाजवणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले! ‘निवडक’मध्ये तेच पहिले आहे. मे याने रचलेले ‘वी विल रॉक यू’ हेही त्यात आहे. त्याचा ठेका म्हणजे दोनदा पाय आपटणे आणि एकदा टाळी. गाणे कोणाचे, हे माहीत नसताना आमच्या मैदानावरची मुलेसुद्धा तो ठेका धरतात.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. तेथे सत्तर हजारांवर लोकांना फ्रेडीने सुमारे वीस मिनिटे एका सुरात गायला लावले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याला एड्सने गाठले. या आजाराविषयी तेव्हा भीती होती आणि तिरस्कारही होता. फ्रेडीचे पुरुषांवर प्रेम होते. त्यावरूनही वृत्तपत्रे त्याच्यामागे लागली होती. तो गप्प राहिला, गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

मित्रहो, निवड म्हटली की गाळणे आलेच. या तबकडीवर पाचगणीचा पियानो नाही, झांझिबारचे सुटलेले घर नाही, बाजारातले जुने कपडे नाहीत. फ्रेडीनेही आपल्या आयुष्याची अशीच निवड केली. हिंदुस्थानातील दिवसांविषयी तो क्वचितच बोलला. त्याबद्दल काही लोक त्याला दोष देतात. मला तसे वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आम्ही गावची मुले फाटकातून आत आलो की आगरी बोली आवरून ठेवतो आणि पुस्तकी मराठी बोलू लागतो. कोणी सक्ती केलेली नसते. हसण्याची भीती पुरेशी असते. १९७०च्या इंग्लंडमध्ये गोऱ्या वर्गमित्रांत वावरणाऱ्या बलसारा नावाच्या तरुणाला ती भीती वाटली नसेल, असे कसे म्हणावे?

आज आपण त्याला अभिमानाने आपला म्हणतो. पाचगणीला जाणारे पर्यटक त्याची शाळा दाखवा म्हणतात. पण तो त्या दातांसह, त्या आजारासह, त्या प्रेमासह जिवंत असताना आपल्या गावात आला असता, तर आपण त्याला आपला म्हटले असते काय? गाजलेली सतरा गाणी स्वीकारणे सोपे आहे. गाळलेल्या भागासह माणूस स्वीकारणे कठीण आहे. आपल्या वर्गातही कोणी फरोख मागच्या बाकावर गप्प बसलेला असेल. तो मोठा होण्याची वाट न पाहता त्याला आजच आपल्या शेजारी बसवून घेणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.