गवळ्याच्या घरचे शाहीर : होनाजी

आमच्या घरी दोन म्हशी न् एक गाय आहे. पहाटे दादा धार काढतात आणि मी किटली घेऊन डेअरीवर दूध घालायला जातो. त्यामुळे कधी कधी शाळेत पोचायला उशीर होतो. मग मुले मला दूधवाला म्हणून चिडवतात. पूर्वी मला याचा फार राग यायचा. एकदा तर मी आजीला सांगून टाकले, की उद्यापासून मी काही दूध घालायला जाणार नाही. आजी बोलली नाही. गोठा झाडता झाडता ती रोजच्यासारखी घनश्याम सुंदरा ही भूपाळी म्हणत राहिली.

त्याच आठवड्यात गुरुजींनी परिपाठाला या भूपाळीच्या कवीची माहिती सांगितली. तो कवी गवळी होता हे ऐकताच मी कान टवकारले. तीच माहिती मी येथे लिहीत आहे.

कवीचे पूर्ण नाव होनाजी सयाजी शिलारखाने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नि त्यापुढेही ते पुण्यात राहत होते. तेव्हा पुण्यात पेशव्यांचे राज्य होते. गुरे पाळणे आणि दूध विकणे हा होनाजींच्या घरचा धंदा. पण आजोबांपासून त्या घरात कवने रचण्याचाही नाद होता. होनाजी तेच ऐकत मोठे झाले.

बाळा करंजकर हे त्यांचे जिवलग मित्र. त्यांचा आवाज फार गोड होता. होनाजींनी कवन रचायचे आणि बाळांनी ते गायचे, अशी जोडी जमली. लोकांनी दोघांची नावे जोडूनच टाकली. होनाजी बाळा हे एकाच माणसाचे नाव आहे, असे पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटत होते!

त्या काळचे शाहीर नाना धंद्यांतले होते. परशराम शिंपी होते. सगनभाऊ शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पोटासाठी काम करायचे आणि रात्री फडावर डफ-तुणतुण्यावर गायचे, अशी ही माणसे. लावणी तेव्हा ढोलकीवर रंगायची. होनाजी-बाळांनी ती रागदारीत बसवून बैठकीत तबल्यावर गायला सुरुवात केली, असे सांगतात. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी होनाजींचा मान केला, त्यांना आश्रय दिला.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव पुणे सोडून दूर उत्तरेत ब्रह्मावर्तास गेले. शाहिरांचा मोठा आधार तुटला. होनाजी त्यानंतरही बरीच वर्षे जगले. १८४४ साली ते वारले. मारेकऱ्यांनी हल्ला करून त्यांचा जीव घेतला, असे सांगतात. हे ऐकून वर्गात सगळे गप्प झाले. ज्यांनी लोकांना इतकी गोड पहाट दिली, त्यांचा शेवट असा व्हावा, याचे फार वाईट वाटले.

त्यांच्या पुष्कळ लावण्या आहेत. पण घरोघर पोचली ती ही भूपाळी. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी होनाजींच्या जीवनावर अमर भूपाळी हा चित्रपट काढला. वसंत देसाई यांनी त्याला संगीत दिले. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातली ही भूपाळी रेडिओवरून खेड्यापाड्यांत गेली.

गुरुजींनी मग आम्हाला भूपाळीचा अर्थ सांगितला. त्यात काय काय आहे पाहा. गाई हंबरतात. धार काढायला भांडे हातात घेतले आहे. झाडावरची पाखरे चरायला उडून गेली. बायका अंगणात सडा घालून, घागर कमरेवर घेऊन पाण्याला निघाल्या. यात्रेकरू वाटेला लागले. हे सगळे गोकुळातले आहे, पण मला वाटते ते होनाजींनी आधी आपल्याच गोठ्याच्या दारात पाहिले असेल. सूर्य वर येईपर्यंत अंथरुणात लोळणाऱ्याला हे कसे सुचेल? गवळ्यालाच पहाट रोज भेटते. शेवटच्या कडव्यात त्यांनी आपले नाव घातले आहे, म्हणून दोनशे वर्षांच्या आसपास झाली तरी आजीच्या तोंडी रोज त्यांचे नाव येते. ते नाव एका गवळ्याचे आहे, हे आजीलाही ठाऊक नव्हते. मी घरी जाऊन सांगितले तेव्हा ती काम थांबवून नुसती हसली.

आता मी दूध घालायला रोज जातो. कुणी दूधवाला म्हटले तर वाईट वाटत नाही. दादा धारेला बसले, की आजीबरोबर मीही भूपाळी म्हणतो. माझा आवाज काही बाळांसारखा नाही, पण गाय कान हलवते.

— इयत्ता सातवी